अनावश्यक गाठी काढल्या

बायकोच्या रिळांना बांधलेल्या गाठी मी कापून टाकल्या. चांगल्या धारेची कात्री घेऊन, एकेक करून, मध्ये चहा पिऊन. काम संपल्यावर फोनमधल्या नोंदवहीत लिहूनही ठेवलं: 'अनावश्यक गाठी काढल्या.' चोर निदान मागं पुरावा ठेवत नाही. मी फोटोसकट ठेवला.

मला सगळं क्रमानं लावायची खोड आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी नोकरीभर स्टोअर सांभाळलं. नटबोल्ट, बेअरिंगं, हातमोजे, वाळू चाळायच्या जाळ्या. प्रत्येक खणाला एक कार्ड आणि कार्डावर काय आलं, काय गेलं, काय उरलं. कुणाला काही हवं असलं की त्यानं माझ्या खिडकीशी यायचं, मी चष्मा कपाळावर चढवून "चिठ्ठी?" म्हणायचं. मोठमोठे इंजिनिअर त्या एका शब्दापुढं खिसे चाचपत उभे राहिलेले मी पाहिलेत. निवृत्त झालो आणि खिडकी गेली. घरात माझ्या ताब्यात उरला फक्त गॅसचा नंबर लावण्याचा विभाग.

आणि राजारामपुरीतल्या आमच्या त्या घरातच, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर, एक बेशिस्त स्टोअर राजरोस चालू होतं. ते बायकोचं.

ती ब्लाउजांवर आरीकाम करते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि टोकाला बारीक आकडा असलेल्या सुईनं खालचा रेशमी दोरा टाक्याटाक्यानं वर ओढायचा. मणी, टिकल्या, खडे त्यातच ओवत जायचे. त्याचं सामान एका लोखंडी कपाटात. कपाट उघडलं की माझं डोकं उठायचं. श्रीखंडाच्या डब्यात लाल मणी. हिंगाच्या डबीत सोनेरी कटदाणा, म्हणजे नळीसारखे बारीक मणी. बामच्या रिकाम्या बाटलीत चंदेरी टिकल्या, कापराच्या डबीत आणखी कसले तरी खडे. आणि रिळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, बहुतेकांच्या मधल्या भोकातून मळका सुती दोरा ओवलेला, त्याला कुठं दोन गाठी, कुठं पाच. कुठल्याच डब्यावर नाव नाही की नंबर नाही.

अलीकडं तिचं काम मंदावलं होतं. पूर्वी चार दिवसांत व्हायची ती ब्लाउजाची पाठ आता दोन आठवडे चौकटीवर राही. दुपारी खिडकीत ऊन असेल तेवढाच वेळ ती सुई धरायची. ऊन सरलं की चौकटीवर चादर. वर्तमानपत्र वाचणं बंद केलं होतं, "त्यात असतंय काय," म्हणून. कपात चहा ओतताना बोट आत धरायची. चहा बोटाला लागला की थांबायची. जिना उतरताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, नामस्मरण. वय झालं की बाई देवाला लागते, तसं असेल. ती पायऱ्या मोजत होती.

हे सगळं मी पाहिलं होतं. आणि तिसावर वर्षं मालाची तपासणी केलेल्या माणसाच्या अधिकारानं निष्कर्ष काढला होता: काम मंदावलंय कारण सामान शोधण्यात वेळ जातो.

त्याच सुमारास तिची मैत्रीण आली. दोघी वारणानगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेल्या. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिनं मोतिया रंगाचं रेशमी कापड आणलं होतं, नवरीच्या ब्लाउजासाठी. पाठभर वेल, लाल फुलं, गर्द हिरवी पानं.

"महिना हाय हातात," ती म्हणाली. "जमंल न्हवं?"

"न जमायला काय झालं? करतो की मी," बायको म्हणाली.

मैत्रीण तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दाजी, लक्ष ठेवा हिच्यावर."

मी मान हलवली. लक्ष ठेवण्याचा मला अनुभव होता.

पुढच्या आठवड्यात बायको त्या मुलीच्या साखरपुड्याला म्हणून तीन दिवस वारणानगरला गेली आणि मी कपाट उघडलं. लेकीनं पुण्याहून आल्यावर माझ्या फोनमध्ये एक नोंदवहीचं ॲप घालून दिलं होतं, वाणसामानाच्या यादीसाठी. त्यात फोटो चिकटवता येतात, पानांना नंबर देता येतात, आणि एक शब्द टाकला की तो जिथं जिथं असेल ती पानं पुढ्यात येतात. माझ्या हातात आख्खं स्टोअर आलं होतं, खिडकीसकट.

मी पद्धतशीर सुरुवात केली. एका मापाचे, पारदर्शक, चौकोनी डबे आणले. आधी प्रत्येक जुन्या डब्याचा फोटो, मग प्रत्येक रिळाचा, मग माल नव्या डब्यात. झाकणावर नंबर, फोनमध्ये त्या नंबराचं पान. हिंगाच्या डबीच्या पानावर मी लिहिलं: 'डबीला उग्र वास. कटदाणा धुऊन वाळवला.' मणी धुणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी चाळणीत घेऊन धुतले.

रिळं नव्या डब्यांत उभी बसेनात, मधल्या त्या मळक्या दोऱ्यांमुळं. म्हणून ते कापले. गाठी मोजून पानांवर लिहिल्या होत्या, कारण स्टोअरकीपर फेकून देण्याच्या मालाचीही नोंद करतो. कापलेल्या दोऱ्यांचा मूठभर ढीग झाला. तो कचऱ्यात टाकताना हाताला कसंसंच झालं. कुणाचे तरी केस टाकतोय असं वाटलं. पण मी हात धुतले आणि विसरलो.

बायको आली ती संध्याकाळी. हातपाय धुऊन ती सवयीनं कपाटाशी गेली. दार उघडून तिनं दुसऱ्या खणात हात घातला. न बघता. हात एका गुळगुळीत झाकणावर पडला, तिथून शेजारच्या झाकणावर, तिथून पुढच्या. सगळी सारखी. हात टोकापर्यंत गेला आणि परत फिरला. मग तिनं एक डबा उचलून उघडला आणि नाकाशी नेला.

मी मागं उभा. शाबासकीची वाट बघत.

"माझं डबं कुठं हायत?"

"दिले भंगारवाल्याला. आता सगळं फोनमध्ये आहे. नुसतं नाव सांगायचं, नंबर पुढ्यात. बघ की, 'लाल' म्हण."

डबा जागेवर ठेवताना तिनं आधी डाव्या हातानं मोकळी जागा चाचपली.

"आणि रिळांचं दोरं?"

"कापले. गचाळ दिसत होते."

"बरं," ती म्हणाली.

आमच्यात लग्नापासून जेवढी भांडणं झाली त्यांतल्या एकातही ती इतक्या हळू बोलली नव्हती. त्या 'बरं'वर मी खरं तर त्याच वेळी उठून भंगारवाल्याच्या मागं पळायला हवं होतं. मी जेवायला बसलो.

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस माझ्या निवृत्तीतले सर्वांत सुखाचे. ती खिडकीतून हाक मारायची, "लाल द्या." मी ॲपमध्ये बघून डबा काढायचो. "गर्द हिरवा द्या." द्यायचो. "सोनेरी मणी." घ्या. कपाटाला ती हातही लावेना. मला वाटलं, पद्धत रुजली. एकदा तर मी लाडात येऊन चष्मा कपाळावर चढवला आणि "चिठ्ठी?" म्हटलं. ती हसली नाही. कापडावरच्या वेलीवर बोटं फिरवत, पुढचं पान कुठं येणार ते चाचपत राहिली.

घरात काहीतरी बिघडलं होतं. ते मला कळत होतं आणि कुठल्या पानावर लिहावं ते कळत नव्हतं. ती जेवताना ताटाकडं बघायचीच नाही. मी बोललो की तोंड माझ्या दिशेला करायची, पण नजर माझ्या कानाच्या बाजूनं पलीकडं जायची, तिथं दुसरं कुणी उभं असल्यासारखी. एकदा मी खरंच मागं वळून पाहिलं.

मग एका दुपारी मी वीजबिलाच्या तक्रारीसाठी बाहेर गेलो आणि रांगेत दोन तास अडकलो. परत आलो तर ती काम करत होती. डबा तिनं स्वतः काढला होता. मी चौकटीवर वाकलो. वेलीला आज नवीन पानं आली होती, सात-आठ. सुबक, टोकदार, एकसारखी.

काळीकुळकुळीत.

"अगं, पानं काळी कशाला?" मी हसून म्हटलं. "नवीन फॅशन का काय?"

"काळी कुठली? हिरवी हायत की."

मी पुन्हा पाहिलं. नवरीच्या ब्लाउजावर काळा दोरा. आमच्याकडं लग्नघरात काळ्या रुमालालाही कुणी हात लावत नाही. हे कापड वारणानगरला गेलं असतं तर त्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ते उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं आणि पुढं त्या पोरीच्या संसारात कुठं काही खुट्ट झालं तरी बोट या सात-आठ पानांकडं गेलं असतं.

"ही काळी आहेत," मी म्हटलं. आता हसत नव्हतो.

तिनं चौकट उचलून खिडकीला टेकवली. बाहेर दुपारचं लख्ख ऊन. रस्त्यावर पडलेली टाचणी दिसावी असं. तिनं तोंड कापडाच्या इतकं जवळ नेलं की नाक लागलं. डावा डोळा मिटला, उघडला. उजवा मिटला. मग तिचा हात सावकाश त्या पानांवरून फिरला आणि एका पानाशी थांबला.

"हिरवी हायत," ती म्हणाली. पण आता ती मला विचारत होती.

मी आतल्या खोलीत गेलो आणि ॲप उघडलं. 'गाठी' हा शब्द टाकला. पानांमागून पानं आली. मीच लिहिलेली. निळं रीळ, एक गाठ. जांभळं, दोन. काळं, तीन. गर्द हिरवं, चार. मोरपंखी, पाच. मरून, सहा. राखाडी, सात. फोटो मोठे करून बघितले. एका गाठीचा दोरा जुनाट, तेलकट झालेला. सात गाठींचा जवळजवळ पांढरा. पिवळ्याला आणि केशरीला दोराच नाही.

मग मला तो क्रम कळला. ज्या क्रमानं रंग तिच्या डोळ्यांतून गेले, त्या क्रमानं तिनं गाठी मारल्या होत्या. आधी निळा गेला. मग जांभळा. एकेक रंग गेला की बायको एक दोरा ओवत होती, शेजारच्या खुर्चीत मी पेपर वाचत असताना.

शेवटी लाल रिळाचा फोटो आला. त्यात नवा दोरा ओवलेला होता. गाठ अजून मारलेली नव्हती. खाली माझी टीप: 'दोरा विनाकारण.'

मी बाहेर आलो. ती तशीच बसली होती.

"कधीपासून?"

"कशाचं कधीपास्नं?"

"गाठींचं."

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "मागल्या दिवाळीच्या आधीपास्नं. धुकं पडल्यावानी."

"मग सांगायचं नाही?"

"माझ्या आईनं सांगितलं हुतं, दिसंना म्हणून. डोळा कापला आणि गेला. मरस्तवर भिंत धरून फिरली." तिनं चादर ओढून चौकट झाकली. "जवर हात चालतोय तवर करू द्या मला. तुमी डबं हलवलं नसतं तर चाललंच हुतं. वासानं, हातानं, कसं का असंना. तिला सांगायचं न्हाय, सांगून ठेवतो."

'तिला' म्हणजे मैत्रिणीला. आणि मैत्रीण दुसऱ्या दिवशी ब्लाउज बघायला येणार होती.

रात्र कशी गेली ते सोडा. सकाळी मैत्रीण आली, चहासुद्धा न घेता चादर बाजूला सारली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

मी तयारीत होतो. पाठ केलेलं म्हणून टाकलं, "माझी चूक. डबा मी दिला. नंबर चुकला. ॲपमध्ये तसं येतं कधी कधी." त्यातली 'माझी चूक' एवढीच खरी होती आणि तीही मी खोट्या चेहऱ्यानं सांगितली.

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती बायकोसमोर खाली बसली.

"अगं, साखरपुड्यात माझ्या पोरीला कुंकू लावलंस, ते भुवईवर. पोरगी तशीच बसली तासभर, तुला कळाय नको म्हणून. आणि तू माझ्यापास्नं लपवालीस?"

"तुला ठावं हुतं? मग कापड कशाला ठेवलंस माझ्याकडं?"

"दुसरीकडं दिलं असतं तर तुला कळलं असतं की मला कळलंय. आणि मला वाटलं, घरात दाजी हायत. चार दिवसांत त्यांच्या ध्यानात यील, ते दवाखान्यात नेतील." आता तिनं माझ्याकडं बघितलं. "दाजींनी डब्यांवर नंबर घातलं."

त्याच दिवशी आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बायको रिक्षात दोघांच्या मध्ये बसली, चोराला न्यावं तशी. डॉक्टरनं दिवे मालवले, हनुवटी टेकवायला लावली, आलटूनपालटून दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकला. मग म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यातला फारच पिकलाय. काढता येईल. पण त्याच्यामागचा पडदा कसा आहे ते आत्ता दिसत नाही. साखरही जास्त आहे. मोतीबिंदू काढल्यावरच कळेल मागं काय आहे ते.

"म्हणजे दिसेल?" मी विचारलं.

"काढल्यावर कळेल," तो पुन्हा म्हणाला, त्याच आवाजात.

बायकोनं एकच विचारलं, "लगीन झाल्यावर केलं तर चालंल न्हवं? एक काम हाय हातात."

तारीख लग्नानंतरच्या सोमवारची मिळाली.

काळी पानं मैत्रिणीनं उसवली. रेशमावर सुईची भोकं राहिली. त्यांच्यावरूनच हिरवी पानं भरायची होती, म्हणजे दिसणार नाहीत. मी ॲप समोर धरून बसलो आणि एकेक फोटो मोठा करून रिळांत पुन्हा दोरे ओवले. निळ्याला एक गाठ. जांभळ्याला दोन. माझ्या जाड बोटांनी गाठी बटाट्याएवढ्या झाल्या. काळ्याचं रीळ मी गुपचूप वेगळं काढायला गेलो, तर ती म्हणाली, "त्याला तीन मारा आणि ठेवा जागेवर. सोमवारनंतर काय हाय ते कुणाला ठावं." हिंगाची नवी डबी आणली, सोनेरी कटदाणा तिच्यात भरला. सगळ्या घराला फोडणीचा वास.

लाल रीळ हातात आलं तेव्हा मी विचारलं, "याला?"

तिनं ते घेतलं, ओवलेला दोरा बोटांनी ताणला, थोडा वेळ तसाच धरला. मग स्वतःच गाठ मारली आणि तिच्या मागं आणखी मारत गेली. मी मोजल्या नाहीत.

मैत्रीण मुक्कामाला राहिली आणि दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीत होतं तोवर शेवटचं पान झालं. शेवटच्या फुलाचा लाल नेमका हाच होता ना, याची खात्री करायला मैत्रिणीनं माझा फोन घेतला आणि फोटो पुढं सरकवत निघाली. डबा. डबा. झाकण. रीळ. चाळणीतले मणी. ॲप संपलं तरी तिचं बोट थांबेना, ती फोनमधल्या बाकीच्या फोटोंत शिरली. विजेचा मीटर. गॅसची पावती. स्कूटरचं चाक. माझ्याच पायाचा अंगठा.

"दाजी," ती म्हणाली, "ह्यात हिचा एक बी फोटो न्हाय व्हय?"

मी फोन घेतला आणि वर्षभर मागं गेलो. आणखी मागं गेलो. तिथंही मीटरच होता.

बायकोनं मान वर केली नाही. टाका ओढता ओढता म्हणाली, "ह्यास्नी दिसायचं तर मला डब्यात बसाय पायजे हुतं की."